त्रेसष्ट नंबरचा गणपती

कान्हू म्हात्रे दर शुक्रवारी सकाळी पेणहून रोह्याची गाडी पकडू लागला, तेव्हा कारखान्यात सगळ्यांना वाटलं की म्हाताऱ्याला लेकीची ओढ लागली. मोठी लेक प्रतिक्षा रोह्याला नांदायला गेल्याला अकरा वर्षं झाली होती. त्या अकरा वर्षांत कान्हू वर्षाकाठी दोनदा, फार तर तीनदा तिच्याकडे गेला असेल. आता गणपतीचा हंगाम संपल्यापासून पाच आठवड्यांत पाच खेपा झाल्या होत्या.

कारण होतं अमेरिकेतल्या टीव्हीवरची एक विनोदी मालिका. मालिका इंग्रजीत होती आणि कान्हूला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं.

मालिकेचं नाव होतं ‘एक्झिट सिक्स्टी-थ्री’. अमेरिकेत महामार्गावरून बाहेर पडणाऱ्या फाट्यांना नंबर असतात. त्रेसष्ट नंबरच्या फाट्यावर एका भारतीय कुटुंबाचं मोटेल, तिथं उतरणारी एकेक विक्षिप्त गिऱ्हाइकं आणि त्यांच्यामुळे होणारा गोंधळ, एवढाच मामला. तिकडच्या एका मोठ्या वाहिनीने तेरा भाग मागवले होते. तिकडे गुरुवारी रात्री लागलेला भाग इकडे शुक्रवारी सकाळी एका अ‍ॅपवर यायचा. जावई सुशील धाटावच्या एका कंपनीत बॉयलरवर होता. शिफ्ट नसली की तो सासऱ्याला मोठ्या टीव्हीवर तो भाग लावून द्यायचा. कान्हूच्या तोंडी ते नाव बसेना. तो ‘त्रेसष्ट नंबर’ म्हणायचा.

मोटेलच्या काउंटरमागे भिंतीला उंचावर एक फळी होती. फळीवर दीड फुटाचा शाडूचा गणपती बसवला होता. त्या गणपतीचे डोळे कान्हूने काढले होते.

पेणच्या कारखान्यांत कामं वाटलेली असतात. माती मळणारे वेगळे, साचा भरणारे वेगळे, अंगाचा रंग मारणारे वेगळे. डोळे काढायला, ज्याला आखणी म्हणतात त्याला, कारखान्यात एक किंवा दोनच हात असतात. मूर्ती सगळी होते, तरी आखणी होईपर्यंत ती माती असते. कान्हू एकोणीस वर्षांचा असताना हरेशशेठच्या कारखान्यात आला. आता तो एकसष्टचा होता, हरेशशेठ जाऊन आठ वर्षं झाली होती आणि गादीवर त्यांचा मुलगा प्रविण बसत होता. बेचाळीस हंगाम कान्हूने डोळे काढले. सगळे पाण्यात गेले, कुणी दीड दिवसाने, कुणी दहा दिवसांनी. पहिल्याच वर्षी एका मूर्तीचे डोळे फार चांगले उतरले म्हणून तो तिच्यासमोर रेंगाळला, तेव्हा हरेशशेठने त्याच्या पाठीत हलकीशी थाप मारून म्हटलं होतं, “बघत नको बसू. ते लोकांसाठी हाय, तुझ्यासाठी नाय.” तेव्हापासून तो डोळे झाले की मूर्ती फिरवून ठेवायचा आणि पुढची घ्यायचा.

अमेरिकेची मागणी आली ती जानेवारीत, कारखाना थंड असताना. मालिकेच्या सामानाचं बघणाऱ्या एका बाईने मेल केला होता, सोबत फळीचं चित्रही. मूर्ती उंचावर बसणार म्हणून नजर जरा खाली हवी. कॅमेरा एका बाजूला म्हणून ती किंचित डावीकडे हवी. आणि बुबुळात चमक नको, चमक आमचे दिवे देतील.

प्रविणने हे सगळं मराठीत सांगितलं आणि वर म्हणाला, “कान्हूदादा, या मालिका चालल्या तर दहा-दहा वर्षं चालतात. तवर हा फळीवरून हलायचा नाय. आपल्या कारखान्यातली पयली मूर्ती, जी बुडवायची नाय.”

कान्हूने ती मूर्ती दोन दिवस समोर ठेवली आणि ब्रश उचलला नाही.

त्याची धाकटी लेक भूमिका तीन वर्षांपूर्वी गेली. केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झाली होती, धाटावला एका कंपनीच्या लॅबमध्ये लागली होती आणि राहायला बहिणीकडे रोह्याला होती. सुट्टीला घरी येताना खांब गावाजवळ तिची स्कूटी खडीवरून घसरली. तेवीस वर्षांची होती. घरात तिचा फोटो लावला तो कंपनीच्या ओळखपत्रावरचा मोठा करून घेतलेला. ‘डोळे मिटू नका’ असं सांगून काढलेला तो फोटो, त्यामुळे त्यातले डोळे ताणलेले, कुणा परक्या मुलीचे वाटायचे. बायजाबाई त्या फोटोशी रोज बोलायची. कान्हू कामाला जाताना फोटोकडे न बघता चपला घालायचा.

भूमिकाची डावी पापणी जन्मापासून जराशी खाली होती. हसायला लागली की डावा डोळा आधी बारीक व्हायचा आणि मग उजवा. ज्याला माहीत नाही त्याला ते कळायचंही नाही. कान्हूच्या हाताला ते माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने खारीच्या केसांचा ब्रश घेतला आणि वरच्या पापण्या ओढल्या. उजवी जिथे असायची तिथे, डावी एका केसाने खाली. शेजारी दागिने रंगवणारी प्रणिता बराच वेळ बघत होती.

“दादा, डावा डोला बारीक झाला.”

“कॅमेऱ्यासाठी हाय,” कान्हू म्हणाला. “तू तुझा मुकुट बघ.”

“मी आपलं बोलले. आमच्या सोनेरीचा एक ठिपका हुकला की दिवसभर ऐकवता.”

चमक नको असं सांगितलं होतं. तरी शेवटी त्याने दोन्ही बुबुळांत सुईच्या टोकाएवढा पांढरा ठिपका ठेवला. तो ठेवल्यावर त्या डोळ्यांतून भूमिकाने त्याच्याकडे बघितलं. कान्हूने मूर्ती फिरवली नाही. जेवणाची सुट्टी होईपर्यंत तो तिच्यासमोर बसून राहिला. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मूर्ती खोक्यात बसून गेली. बायजाबाईला त्याने यातलं काही सांगितलं नाही.

सप्टेंबरअखेर पहिला भाग लागला. अर्ध्या तासात मूर्ती चार वेळा दिसली, सगळी मिळून सात सेकंद. कारण मोटेलच्या मालकाचं काम करणारा जो जाडजूड नट होता, तो सारखा काउंटरशी येऊन फळीच्या बरोबर समोर उभा राहायचा.

“आरं, बाजूला हो रं,” कान्हू टीव्हीला म्हणायचा.

“मामा, तो हिरो हाय,” सुशील हसून म्हणाला. “तो बाजूला झाला तर मालिका कोण बघणार?”

“मी बघीन.”

दर दोन-तीन वाक्यांना हशा व्हायचा. कान्हूने विचारलं तेव्हा सुशीलने सांगितलं की समोर खरी माणसं आणून बसवतात आणि ती हसतात. तेव्हापासून कान्हूला वाटू लागलं की एवढी माणसं समोर बसलेली आहेत, तर त्यातलं कुणीतरी फळीकडेही बघत असेल. ते त्याला बरं वाटलं.

दुसऱ्या शुक्रवारी प्रतिक्षा चहा घेऊन आली आणि कप हातात धरूनच उभी राहिली. पडद्यावर गणपती होता. सुशीलने सासऱ्यासाठी चित्र थांबवून ठेवलं होतं. चहावर साय धरली तरी ती पडद्याकडेच बघत होती.

“आयला दाखवलंत?” तिने विचारलं.

“नाय.”

“मग?”

“दाखवीन. चालू दे ना जरा. दहा वर्षं चालायचीय.”

“बाबा, ती या घरात पाऊल ठेवत नाय. भुमीचं कपाट अजून तसंच हाय माझ्याकडं, म्हणून. तुम्ही एकटं येऊन बघता, हे तिला कळलं तर काय म्हणेल?”

कान्हूने चहा घेतला आणि सुशीलला पुढे लावायला सांगितलं.

पाचवा भाग दिवाळीचा होता. मालिकेतली आजी सगळे बाहेर गेल्यावर स्टुलावर चढते आणि फळीवर पणती ठेवते, असा एक प्रसंग त्यात होता. आजी उतरून निघून गेली आणि कॅमेरा गणपतीवर थांबला. पणतीच्या उजेडात डावी पापणी स्पष्ट दिसत होती. सुशीलने मोजलं, अकरा सेकंद.

“मामा, या सीनला कोणी हसलं नाय,” तो म्हणाला.

सहाव्या शुक्रवारी भाग आलाच नाही. सुशीलने फोनवर शोधलं आणि बातमी वाचून दाखवली. बघणारे फार कमी होते, म्हणून वाहिनीने मालिका बंद केली. चार भाग काढून तयार होते, ते दाखवणार नाहीत. उरलेले चार काढायचेच नाहीत.

“म्हंजे पुढच्या शुक्रवारी?”

“पुढच्या शुक्रवारी नाय, कधीच नाय. मामा, तिकडं असंच असतं. पाच भागांत माणसं हसली नाय तर दुकान बंद.”

“हसत तर होती,” कान्हू म्हणाला.

नोव्हेंबरच्या मध्यावर, एका शुक्रवारी, त्याच बाईचा मेल आला. प्रविणने तो कारखान्यात सगळ्यांसमोर मराठी करून सांगितला. सेट मोडायचा आहे. बाकी सामान गोदामात जाईल किंवा टाकून देतील. गणपतीचं काय करायचं, तुमच्यात काय रीत असते, ते बुधवारपर्यंत कळवा. आम्हाला त्याचा अपमान करायचा नाही.

“चांगली बाई दिसते,” प्रविण म्हणाला. “शाडूचाच हाय. पाण्यात सोडा म्हणून लिहून टाकतो.”

“थांब,” कान्हू म्हणाला.

“काय झालं?”

“बुधवार लांब हाय. दोन दिस थांब.”

प्रविणला नवल वाटलं, पण बेचाळीस वर्षं जुन्या माणसाला तो उलट विचारत नसे. तो थांबला.

कान्हूने ते दोन दिवस आणि वर आणखी एक दिवस मनाशी घोळवण्यात घालवला. परत पाठवा म्हणावं, तर पोचेल का, आणि पोचली तर बायजाबाईसमोर ठेवायची कशी? त्या आजीचं काम करणाऱ्या बाईला ठेवून घ्या म्हणावं, तर ती कोण, कुठली, तिच्या घरात फळी तरी आहे का? पाण्यात सोडा म्हणावं, तर ते म्हणायला तोंड उघडत नव्हतं. एवढे डोळे पाण्यात सोडले, त्याला कुणी कधी विचारलं नव्हतं. या वेळी विचारत होते आणि ‘हो’ त्यालाच म्हणावं लागणार होतं. सोमवारी प्रविणने दोनदा आठवण केली. दोन्ही वेळा तो ‘उद्या’ म्हणाला.

सोमवारी जेवताना त्याने बायजाबाईला सांगितलं, “उद्या रोह्याला चल माझ्यासोबत.”

“मी कनाला येऊ?”

“एक वस्तू दाखवायची हाय.”

“हतंच, घरातच सांगा काय ती.”

“सांगून दिसत नाय गो. चल.”

ती कशी तयार झाली हे कान्हूला शेवटपर्यंत कळलं नाही. मंगळवारी सकाळच्या गाडीत ती खिडकीशी बसली. कासू गेलं, नागोठणं गेलं, ती बाहेरच बघत होती. मिठागरात पंचवीस वर्षं उन्हात काम केल्याने तिला डोळे बारीक करून बघायची सवय होती. सावलीतही ती तसंच बघायची. प्रतिक्षाच्या दारात आल्यावर ती क्षणभर थांबली, मग पदर खोचून आत गेली आणि त्या कपाटाकडे पाठ येईल अशा खुर्चीत बसली.

सुशील नाइट करून आला होता, तरी जागा राहिला. त्याने पाचवा भाग लावला. जाडा नट काउंटरशी आला, काहीतरी बोलला, हशा झाला.

“काय बोलला तो?” बायजाबाईने विचारलं.

“गिऱ्हाइकाला सांगतो, गरम पाणी सकाळी येल,” सुशील म्हणाला. “आन सकाळी सांगतो, संध्याकाळी येल.”

“ह्यात हसण्यासारखं काय हाय? आपल्याकडं तसंच येतं.”

प्रतिक्षाला हसू आलं. तेवढ्यात आजी स्टुलावर चढली, पणती ठेवून उतरली आणि पडद्यावर गणपती एकटा राहिला.

“थांबव,” बायजाबाई म्हणाली.

सुशीलने चित्र थांबवलं. ती उठून टीव्हीजवळ गेली. इतकी जवळ, की तिच्या तोंडावर त्या पणतीचा पिवळा उजेड पडला. हात वर केला आणि पडद्याला न लावता खाली घेतला.

“ही भुमी हाय,” ती म्हणाली.

पडद्यावरून नजर न काढता तिनेच पुढे विचारलं,

“किती दिस झालं हिला हतं बसवून?”

“फेब्रुवारीला पाठवली,” कान्हू म्हणाला.

तिने बोटांवर महिने मोजले. “आन ही मानसं हिच्यासमोर बसून हसत्यात?”

“तिला नाय हसत गो. त्या जाड्याला हसत्यात.”

“तिला काय म्हाईत कोनाला हसत्यात?” ती वळली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून कान्हूला तो जास्त लागला. “देवाला पन आपन दहा दिसांच्या वर ठेवीत नाय. कितीबी जीव लागला तरी उचलतो आन नेतो. तुमी पोरीला दिव्याखाली बसवून ठेवलीत. नऊ महिने. मला न सांगता.”

“मला वाटलं, ऱ्हाईल कुठंतरी.”

“ऱ्हायची असती तर हतं नसती ऱ्हायली?”

प्रतिक्षा रडायला लागली. बायजाबाई रडली नाही. ती परत खुर्चीत बसली आणि मेलमध्ये काय लिहिलंय ते सुशीलकडून नीट दोनदा ऐकून घेतलं.

“पान्यात सोडायला सांगा,” ती म्हणाली.

कान्हूने खिशातून फोन काढला. तीन दिवस जे तोंडातून निघत नव्हतं, ते तिने एका दमात म्हटलं होतं. आता त्याला फक्त प्रविणला सांगायचं होतं. अकरा वाजले होते. प्रविण कारखान्यात असणार होता.

“आज नको,” बायजाबाई म्हणाली.

“का गो?”

“आज मंगलवार. आपन मंगलवारी मूर्ती जाग्यावरून उठवीत नाय. तुमच्या आयनं मला पयल्याच वर्षी सांगितलेलं.”

“आई, तिकडं कोण बघतं मंगळवार?” सुशील म्हणाला.

“मंगलवार सगलीकडं मंगलवार. एवडे दिस थांबली, एक दिस अजून थांबल. नीट जाऊ दे तिला.”

सुशीलने मेल पुन्हा बघितला. बुधवारपर्यंत वेळ होता आणि तिकडची बुधवारची सकाळ तर आपल्या बुधवारी रात्री होते, म्हणजे हाताशी भरपूर वेळ होता. उद्या सकाळी लिहिलं तरी चालेल, असं तो म्हणाला. कान्हूने फोन खिशात ठेवला. तसं बघितलं तर त्यालाही ती एक दिवस अजून हवीच होती.

बुधवारी सकाळी नऊला तो कारखान्यात हजर होता. प्रविण सांगत होता, प्रणिता टाइप करत होती, आणि कान्हू मध्येमध्ये थांबवत होता. शाडूची मूर्ती आहे, समुद्रात सोडा, नाहीतर स्वच्छ पाण्याच्या टबमध्ये. आधी पणती लावा. हातावर थोडं दही ठेवा.

“दही मिळंल का तिकडं?” कान्हूने विचारलं.

“मिळतं की. योगर्ट,” प्रणिता म्हणाली.

“आंबट नको म्हणून लिही.”

“दादा, तेवढं त्यांना कळेल.”

“लिही.”

उचलण्याआधी मूर्ती जागेवरच जराशी हलवा, असं त्याने लिहायला लावलं. दारातून नेताना एकदा तोंड घराकडे करा आणि पाण्यात सोडताना ढकलू नका, हातावरून जाऊ द्या, हेही. एवढं लांब पत्र प्रविणने तिकडे कधी पाठवलं नव्हतं. वाचून झाल्यावर त्याने कान्हूकडे बघितलं आणि पाठवून दिलं.

उत्तर गुरुवारी सकाळी आलेलं दिसलं. प्रविणने आधी मनात वाचलं. मग खुर्ची ओढून कान्हूला बसायला सांगितलं.

दुसऱ्या एका मालिकेला ती जागा लवकर हवी होती, म्हणून सेट एक दिवस आधीच, त्यांच्या मंगळवारी दुपारी, मोडला. बाईने मूर्तीवर ‘हात लावू नका’ अशी चिठ्ठी लावली होती. भिंत पाडणाऱ्यांनी भिंत फळीसकट उतरवली. तुमचं पत्र मला रात्री मिळालं, असं तिने लिहिलं होतं. बुधवारी सकाळी ती स्वतः राडारोडा टाकतात तिथे जाऊन आली. कचऱ्याचे तीन मोठे डबे उपसले. मूर्ती सापडली नाही. तिने दोनदा माफी मागितली होती.

प्रणिता बोटांवर हिशेब करत होती. “म्हणजे त्यांची मंगळवारची दुपार ही आपली मंगळवारची रात्र,” ती म्हणाली. “आपण मंगळवारी सकाळीच लिहिलं असतं तर...”

प्रविणने तिच्याकडे बघितलं. तिने वाक्य सोडून दिलं.

कान्हूला पुढचं ऐकायची गरज नव्हती. शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार हे दिवस त्याचे होते. मंगळवार बायजाबाईचा होता. मधल्या कुठल्याही दिवशी लिहिलं असतं तरी चाललं असतं, पण माणूस शेवटचाच दिवस धरून बसतो आणि शेवटचा दिवस तिने मागून घेतला होता. घरी जाऊन खरं सांगितलं तर ती त्याच्या चार दिवसांकडे बघणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. ती तो एक दिवस घेऊन बसेल आणि मरेपर्यंत बसेल.

त्या दिवशी त्याने काम केलं नाही. दुपारच्या रिक्षाने गावात उतरला आणि खाडीकडच्या वाटेने घरी गेला. बायजाबाई अंगणात जवळा वाळत घालत होती. त्याला बघून तिने हात धुतले.

“झालं?”

“झालं,” कान्हू म्हणाला.

“कोनी सोडली?”

“ती आजीचं काम करनारी बाई. तीच घेऊन गेली.”

“दही?”

“ठेवलं हातावर.”

“घराकडं तोंड केलेलं?”

“सगलं लिहिल्यावानी केलं.”

“विडिओ दाखवा.”

हे विचारणार हे त्याने रिक्षातच धरलं होतं. “नाय काढला. मीच नको म्हनलो. तशी रीत नाय, असं लिहिलं त्यांना.”

तिने मान हलवली. ते तिला पटलं. पदराला हात पुसत तिने विचारलं, “समिंदरात का टबात?”

“समिंदरात.”

“म्हंजे खारं पानी.”

“व्हय.”

“मंग येल हिकडं,” बायजाबाई म्हणाली. “खारं पानी एकच हाय. आज ना उद्या फिरून खाडीत येतं.” आणि ती उरलेला जवळा पसरायला गेली.

पुढच्या पुनवेला उधाण होतं. दुपारी ती न सांगता बांधावर गेली. कान्हूने तिला जाताना बघितलं. त्याला घरी थांबता आलं असतं. तो चपला घालून तिच्या मागे गेला.

जुन्या मिठागराच्या बांधावर ती उभी होती. पाणी खाजणाच्या दलदलीतून चढत होतं. मिठाच्या सोडून दिलेल्या वाफ्यांत एकेक करून शिरत होतं. तो तिच्यापासून दोन पावलं मागे थांबला.

“तुमाला म्हाईत असल,” तिने मागे न बघता विचारलं. “मातीचा गनपती पान्यात गेला की आधी काय जातं?”

बेचाळीस वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. हे मात्र त्याला खरंच माहीत होतं. पहिल्या वर्षी हरेशशेठची नजर चुकवून तो विसर्जनाला गेला होता आणि भोगावती नदीच्या उथळ पाण्यात कंबरेएवढा उभा राहून त्याने बघितलं होतं.

“आधी हात सुटतात,” तो म्हणाला. “मंग सोंड. मंग पोट बसतं खाली.”

“आन डोले?”

“डोळ्यांवर रंगाचे थर जास्ती असतात. ते शेवटी.”

“म्हंजे शेवटपर्यंत बघत व्हती.”

भरती अजून तासभर चढायची होती. जवळच्या वाफ्यात पाणी आलं, त्यावर वाळकं गवत आणि एक प्लास्टिकची चप्पल तरंगत होती. बायजाबाई डोळे बारीक करून प्रत्येक गोष्ट नीट बघत होती.

“व्हय,” कान्हू म्हणाला. “शेवटपर्यंत.”